उंबरठ्यावरची बोटं

४ ऑगस्ट
कळवणहून सकाळच्या एसटीने नाशिकला पोचलो. आश्रमशाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं. पन्नाशीच्या दारात रजा घेऊन विद्यापीठात स्वतःच विद्यार्थी झालो, ही सप्तशृंगी मातेची कृपा. देवळ्याच्या एका कांदाचाळीत सापडलेल्या, अजून नाव नसलेल्या करड्या बुरशीवर संशोधन करायचं आहे. लेक पल्लवी इथेच शिकते. रविवारी प्रयोगशाळेतच डबा घेऊन येते म्हणाली.

५ ऑगस्ट
जैवसुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. शिकवणाऱ्या तृप्ती मॅडम वयाने लहान, पण कडक. मोजे घातलेला हात तोंडाकडे न्यायचा नाही. मोजे आतच काढायचे, हात धुवायचे, मगच दाराशी जायचं. फोन बाहेरच्या कपाटात. काही सांडलं, लागलं तर लगेच सांगायचं. तसा माणूस तपासणी होईपर्यंत आतच राहतो. सोबतचा संशोधक अबरार हळूच म्हणाला, गुरुजी, इथं नाक खाजलं तर अल्लाला सांगायचं, हाताला नाही. खूप हसलो. परीक्षेत माझं एकही उत्तर चुकलं नाही.

६ ऑगस्ट
आत पहिला दिवस. बुरशी मांजराच्या पिल्लाच्या लवेसारखी मऊ दिसते. काम मनासारखं झालं. निघताना वाकलो, दाराच्या पोलादी उंबरठ्याला हात लावून डोळ्यांना लावला. देऊळ असो, शाळा असो, जाता-येता आम्ही उंबरठ्याच्या पाया पडतो. पल्लवीलाही बोट धरून हेच शिकवलं. मग दिसलं, हातमोजे काढलेच नव्हते.
डोळे धुतले. पहिल्याच दिवशी काय सांगायचं?

७ ऑगस्ट
उजवी पापणी खाजते. उंबरठ्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले आहेत, करड्या लवेचे. अबरारला दाखवले. तो हसला नाही, धावत मॅडमना सांगायला बाहेर गेला.
मॅडमनी बाहेरून दार लावून घेतलं. नियम तुम्हाला पाठ होता ना गुरुजी, दार लावताना एवढंच म्हणाल्या. मागितली म्हणून ही वही भिंतीतल्या देण्याघेण्याच्या कप्प्यातून आत दिली. आत आलेलं बाहेर जात नाही. वहीसुद्धा.

८ ऑगस्ट
उंबरठा औषधाने पुसतो. पुन्हा उगवते. दाराच्या फटीखालून पलीकडे सरकते आहे. बाहेरून अबरार पुसतो.
पल्लवीला येऊ नको म्हणून कळवा, अशी दाराच्या काचेला चिठ्ठी लावून मॅडमना विनवणी केली. संध्याकाळी फोन करते, असं त्यांनीही लिहून दाखवलं.

९ ऑगस्ट
अबरार काल डोळा चोळत होता. मॅडम त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. परतल्या नाहीत. कोणीच येत नाही. फोन केला असेल ना —
उजव्या डोळ्यापुढे धुकं. देवीचं नाव घेतो, आवाज भिंतीला लागून परत येतो.

१० ऑगस्ट, रविवार
काचेपलीकडे पल्लवी. हातात डबा. हसते आहे —
ओरडतो, ऐकू जात नाही. काच जाड. तिच्या पायाशी सगळी लव — तिला दिसत नाही —
डबा खाली ठेवला. चपला काढते आहे —
मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावतो

पल्लवी वाकू नको

वाकली

पल्लवी हात डोळ्यांना