मयुरीच्या बाळाची गाठ

५ ऑगस्ट
आरमोरीच्या दवाखान्यात सोनोग्राफीची डॉक्टर म्हणून आज रुजू झाले. खोली बाजारामागे आहे. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, रोवणी नुकतीच आटोपली आहे. नर्स कमळाबाईंनी आल्या आल्या वडाभात खाऊ घातला. दवाखाना चालवणाऱ्या डॉ. राजदीप सरांनी नवं मशीन कौतुकानं दाखवलं. बाळाची बोटंसुद्धा स्पष्ट दिसतात. इथं मन रमेल.

९ ऑगस्ट
तपासणीला आलेल्या मयुरीला पाचवा महिना. बाळाच्या माकडहाडाशी लिंबाएवढी गाठ दिसली, एका बाजूला चोचीसारखं टोक. मी गप्प झाले, तशी तीच म्हणाली, "म्याडम, काऊन चुप झाल्या? खरं सांगा मले." सांगितलं, की जन्मजात गाठ आहे, बहुतेक वेळा साधी असते, जन्मल्यावर ऑपरेशन करून काढता येते. डोळे पुसत गेली बिचारी.
तिच्यामागोमाग सरिता आली. तिच्या बाळालाही तीच गाठ. तीच चोच.
इतका दुर्मीळ आजार, तोही लागोपाठ दोघींना? मशीन बिघडलंय नक्की. दोघींना नागपूरला पाठवलं, मशीन बंद ठेवलं.

१२ ऑगस्ट
इंजिनिअर म्हणतो, मशीन ठीक आहे. नागपूरहून फोन आला: मयुरीचं बाळ निरोगी. गाठ सरितेच्याच बाळाला आहे.
मयुरीची गाठ मी डोळ्यांनी पाहिली होती. सर म्हणाले, थकवा असेल. हे बोलताना ते मशीनकडे बघत नव्हते. कमळाबाई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. विचारलं तर विषय बदलतात.

१९ ऑगस्ट
मशीन आज पुन्हा सुरू केलं, पहिलीच सरिता तपासणीला आली. गाठ संत्र्याएवढी झाली होती. तिच्यानंतर दिव्यानी.
दिव्यानीच्या बाळाला — चोचीसकट.
सरितेला परत टेबलावर घेऊन बघायची हिंमत झाली नाही. नागपूरला पाठवलं.

२० ऑगस्ट
नागपूरहून कळलं, सरितेचं बाळ आता निरोगी. म्हणजे गाठ पुढच्या बाळात जाते. माझ्या हातून.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, पुढची बाई बोलवा.

२१ ऑगस्ट
दिव्यानीनंतर कुणालाच तपासलं नव्हतं, आज तीच परत आली. गाठ बाळाचं सगळं रक्त ओढून घेतेय, हृदय थकलंय. बाळ आठवडाभरही तगणार नाही. "वाचवा ना म्याडम," म्हणत हात सोडेना.
पुढची बोलावली, तर हे बाळ वाचेल. पण बाकावर बसलेल्यांपैकी कुणाला —
नाही.
मला मूल नाही, दिवस गेलेले नाहीत. माझ्यात गाठीला बाळच मिळणार नाही. दिव्यानीला बाहेर बसवलं, आतून कडी लावली.

टेबलावर पडूनच लिहितेय. जेल गार. मशीनचा प्रोब स्वतःच्या पोटावर —
आली. गाठ आली. दिव्यानी सुटली.
खोलीत मी एकटीच आहे. गाठ आता कुठं जाणार —
हलतेय. चोच माझ्याकडे वळली. तिच्या आत काहीतरी उघडमीट — तिचं स्वतःचं हृदय आहे, माझं रक्त ओढतेय, ठोके पड