टरफलांचं पीप

प्रिय खटपट्या,

तुझी खुशाली कळली, पण मामाकडून. आईला दोन ओळी लिहिल्या असत्यास तर तुझे हात झिजले नसते. असो, भांडायला बसले नाही मी.

रंगखाना चालू आहे. रंगवलेल्या सुताच्या लडी अंगणभर वाळत असतात, आणि जाता-येता कुणाच्या तरी डोक्याला निळा नाही तर तांबडा टिळा लागतोच. शिवाय रंगाचं सांडपाणी ओढ्यात सोडण्याआधी गाळायला तू मागच्या भिंतीशी बसवलेलं टरफलांचं पीपही चालू आहे. दचकलास ना? बाबांनी ते कधीच फोडून टाकलं असेल, असं तू धरून चालला असशील. कचऱ्यानं कचरा धुवायला निघालेत आमचे शास्त्रज्ञ, असं ते चार माणसांत म्हणाले आणि तू भरल्या ताटावरून उठलास. मी मूग गिळून बसले. बापलेकाच्या भांडणात आपण पडू नये, असं मला वाटायचं. आता वाटतं, पडायला हवं होतं रे. माझं ते गप्प बसणं मला फार महागात पडलं.

तू गेल्यावर ते पिंपाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. मग एका सकाळी बघते तर शेंगांची टरफलं दळत बसलेले. काय चाललंय म्हणून विचारलं तर माझ्यावरच गुरगुरले. पण सगळं तुझ्या पद्धतीनं. भुसा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवायचा, भट्टीच्या धगीवर भाजायचा, मग आंबटपणा जाईपर्यंत धुवायचा. नुसता भुसा रंग नीट धरत नाही, हे तू समजावत होतास तेव्हा ते तोंड फिरवून बसले होते, कान मात्र उघडे होते म्हणायचे. पिंपातून नितळ पाणी उतरलं तेव्हा ग्लास उजेडात धरून कितीतरी वेळ उभे होते. आता दारात कुणी आलं, अगदी वीजबिलवाला आला, तरी त्याला आधी पीप दाखवतात. आमच्या शास्त्रज्ञांनी केलंय म्हणतात, आणि त्यात टोमणा नसतो. तुला मात्र कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. पडले तरी नाक वर.

खरी काळजी वेगळीच आहे. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय. फिकट निळा त्यांना दिसत नाही. परवा आकाशी लड त्यांनी पांढऱ्यांत नेऊन ठेवली. आधी मला वाटलं, थट्टा करतायत. जन्मभर नुसत्या नजरेवर रंग जुळवणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मोतीबिंदू असेल, उपायही असेल, पण डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. म्हणून मीच युक्ती काढली. भुशाचं पोट रंगानं भरलं की पाणी निळसर उतरतं, एवढं मला तुझ्याकडून ठाऊक होतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी गुपचूप जुना भुसा काढून नवा भरायचे. मग न्हाणीघरात घसरून माझं मनगट मोडलं आणि ते राहून गेलं. हे पत्रही शेजारीण लिहून देतेय, म्हणून अक्षर एवढं चांगलं.

काल ओढ्याच्या खालच्या अंगाला भाजी लावणारी बाई बाटलीत पाणी घेऊन आली. निळं होतं, मला दारातूनच दिसलं. तिची सगळी भाजी त्याच पाण्यावर आहे. बाबांनी बाटली उजेडात धरली आणि तिलाच खोटं पाडलं. मग मी म्हटलं, निळं आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत त्यांच्याविरुद्ध बोलले. ते माझ्यावर असे तडकले की बाई बिचारी बाटली तिथंच ठेवून निघून गेली.

रागाच्या भरात ते जे बोलले, ते तुला कळवण्यासाठी हा कागद घेतलाय. म्हणाले, माझ्या पोराच्या पिंपातून निळं पाणी येऊच शकत नाही. हे तू इथं असताना ऐकायला हवं होतंस रे. ओढ्याकडे जाणारा नळ मी बंद करून ठेवलाय, पण तो किती दिवस बंद ठेवू? डॉक्टरचं, त्या बाईचं, माझं ते ऐकायचे नाहीत. तू ये. त्यांच्या शेजारी उभा राहा, आणि तूच सांग त्यांना, बाबा, पाणी निळं आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई