तुमच्या नावानं पुण्याला गेलेली मुलगी

प्रिय आत्याबाई,

तुमच्या नावानं एक मुलगी पुण्याला गेली होती, ती परवा परत आली. महिनाभर ती कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. गावभर बातमी झाली, पण तुम्हाला मीच सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले. वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. तिकडं कुणाकडून तरी वाचून घ्या.

लग्न होऊन मी तिसगावला आले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, सासूबाई नको, आत्याबाई म्हण. मी शाळेत विज्ञान शिकवते याचं तुम्हाला केवढं कौतुक होतं! आल्यागेल्याला सांगायचात, आमची सून बेडूक फाडते. अहो, मी आयुष्यात एकच बेडूक फाडला, तोही रडत.

आणि त्याच सुनेसमोर रोज सकाळी ओट्यावर पारूमावशींबरोबर मिशरी लावत बसायचात. भाजली म्हणून काय झालं, तंबाखूच ना ती, असं मी कितीदा म्हटलं. तुम्ही हसायचात आणि बोट पुन्हा दातांवर फिरवायचात. एवढं एक ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं हो?

तोंडातली जखम भरेना. नगरच्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं, त्या दिवसापासून तुम्ही आपलं ताट वेगळं केलंत. सोहम तुमच्या कुशीत झोपायला रडायचा, तर त्याला हातानं लांब सारायचात. हा रोग असा लागत नाही, हे सांगून मी थकले. नातवापायी तुमचा जीव तुटत होता, हे कळत होतं मला. तरी त्याचा थोडासा राग अजून आहे.

तुमच्या वर्षश्राद्धाला तुमच्या थोरल्यानं, दादांनी, गावजेवण ठरवलं. तुमच्या धाकट्यानं, म्हणजे यांनी, वेगळंच काढलं. घरी नैवेद्य करू, आणि त्या खर्चातून आपल्या शाळेतल्या एका मुलीला सुट्टीत प्रयोगशाळेत पाठवू. पुण्याची एक संशोधन संस्था शाळेतल्या मुलांना शिकवायला तयार होती, पण राहण्याजेवण्याचं ज्याचं त्यानं बघायचं होतं. आपल्याकडची मुलं तिथंच अडतात. दादा चिडले. आईचं वर्ष असं सुकं घालायचं का, म्हणाले. दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग पारूमावशी आल्या. गावात तुम्हाला शकी म्हणणाऱ्या त्या एकट्याच. त्या दादांना म्हणाल्या, "गाव जेवंल, हात धुईल अन् घरी जाईल. शकीला काय झाल्तं, ते एका तरी पोरीला कळू दे."

मग दादा म्हणाले, दरवर्षी करणार असाल तर निम्मा वाटा माझा.

आम्ही तेजलला निवडलं. नववीतली, प्रश्न विचारून भंडावणारी. तिची आई नुकतीच ऊसतोडीहून आली होती. तिनं साफ नाही म्हटलं. "बाई, तिथं समदा कॅन्सरच असंल. पोरीला लागला म्हंजी?"

मला तुमचं ताट आठवलं. या वेळी मी पुस्तकातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, आत्याबाईंना मी शेवटपर्यंत हातानं भरवलं, त्यांची जखम पुसली. मला काही झालंय का, बघ. दुसऱ्या दिवशी पोरीची पिशवी भरून तीच दारात आली.

पहिल्या आठवड्यात तेजल फोनवर रडायची. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही, एसीनं बोटं गारठतात, आणि हातून एक काचेची बशी फुटली. शिकवणाऱ्या ताईंनी न रागावता दुसरी बशी पुढं केली म्हणे. मग रडणं थांबलं आणि प्रश्न सुरू झाले. रोज उत्तरं शोधताना माझीच दमछाक व्हायची.

परवा शाळेत तिनं सगळं सांगितलं. तुमच्या मैत्रिणी झाडून आल्या होत्या. साध्या पेशी जागा भरली की थांबतात, कॅन्सरच्या थांबतच नाहीत, एकमेकींच्या अंगावर चढतात, हे ती हातांनी करून दाखवत होती. जिवंत पेशी पाहिल्या होत्या तिनं.

पारूमावशी उठून उभ्या राहिल्या. "तू पाह्यल्या त्या आमच्या शकीच्या हुत्या का गं?"

कुणीतरी हसलं. तेजल हसली नाही. "न्हाई आजी. दुसऱ्या एका बाईच्या. ती कवाच गेली, पन तिच्या पेशी बशीत वाढवून अजून जित्या ठेवल्यात. त्यांच्यावर औषधं लावून बघत्यात."

"तिच्या घरच्यांना ठावं हाय का, ती एवढ्या कामाला आली ते?"

विचारून सांगते आजी, तेजल म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आत्याबाई. एवढी वर्षं विज्ञान शिकवते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

घरी जाताना मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्याही गालात आतून एक पांढरा डाग आहे, कुणाला दाखवला नव्हता. आज त्यांना नगरला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. अजून कॅन्सर नाही, पण मिशरी बंद, आणि दाखवायला येत राहायचं. येताना एसटीत मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

पुढच्या सुट्टीत दोन मुली जातील, असं दादांनीच जाहीर केलंय. पुन्हा कुणाची तरी आई घाबरेल. तिच्या दारात मी जाईन, आणि तुमच्याबद्दल सगळं सांगेन. ओट्यावर बसून हसायचात कशा, ते आधी, आजारपण नंतर. हा माझा शब्द.

तुमचीच सून,
सुनंदा