शिकवायला अडाणी बाई पाहिजे

येरमाळ्याच्या मानाच्या विहीणबाई गिरजाबाई यांना बेंबळीहून सिताबाईचा रामराम. तुमची तब्येत बरी असंल, थंडीचं पहाटे अंगणात बसत नसाल, असं धरून चालते. इकडं माणसं बरी, मेंढ्या बऱ्या, आन् तुमची लेक माझ्यावर रागावण्याइतकी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोन तिच्या हातात असतो आन् मी बोलायला लागले की ती शेजारी बसून सगळं ऐकती. म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहिते. अक्षर लागलं न्हाय तर अंदाजानं वाचा.

कारण आपली मोनिका. (तुमचीबी नात, पण आडनाव आमचं.) ती फिजिओथेरपीला लागली तवा तुम्ही पेढे वाटले, ते ठीक. पण पहिल्याच चाचणीत हाडांच्या विषयात पोरगी नापास झाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसंल. तुमच्या लेकीनं सांगू दिलं न्हाय. सुट्टीला घरी आली ती उशीसकट आली. उशी बघून म्या ओळखलं, हिचं परत जायचं मन न्हाय. बालाजी म्हणाला, राहू दे, इथंच बीए करंल. (तुमचा जावई असला तरी माझं पोरगं आहे म्हणून बोलते, त्याला सगळ्यात सोपी वाट आधी दिसती.) पोरगी रडून म्हणाली, आजी, दिवसभर पाठ करते, आन् सरांनी हाडाला बोट लावून विचारलं की डोकं रिकामं. बारावीपर्यंत पाठ करूनच पहिली आलती, त्यामुळं दुसरी तऱ्हा तिला माहीतच न्हाय.

आता तिच्या कॉलेजात नव्या पोरांना अभ्यास कसा करायचा एवढंच शिकवायला एक मॅडम आहेत. मला आधी हसू आलं. जेवायचं कसं हे शिकवायला बाई ठेवावी तसं वाटलं. पण मॅडमचं म्हणणं पटलं. रोज थोडं वाचायचं, पुस्तक मिटून आठवायचं, जित्या अंगावर हात लावून हाड शोधायचं, आन् ज्याला काहीच येत न्हाय अशा माणसाला ते शिकवायचं. विहीणबाई, काहीच येत न्हाय म्हणून घरात माझी निवड एकमतानं झाली! जन्मभर ह्याच गोष्टीवरून ऐकून घेतलं, आन् आता नात म्हणती, आजी, तुझ्यासारखं दुसरं कुणी सापडणार न्हाय.

मंग रोज न्याहारी झाली की मी पलंगावर आन् मोनिका मास्तरीण. मी विचारायची, हे हाड वाकडं का? हे इथं नसतं तर काय बिघडलं असतं? तिला सांगता आलं न्हाय की ती पुस्तकाकडं पळायची आन् हसत यायची. मला पाठीचा खवाटा, मनगट, बरगड्या सगळ्यांची इंग्रजी नावं आली. क्लॅव्हिकल म्हणजे आपली गळ्याखालची हासळी. हे मी आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हय, आता मेंढ्यांना सांग." (त्यांना कुणाचं चांगलं झालेलं बघवत न्हाय.)

मधी एक फजिती झाली. पोरीनं निळ्या पेनानं माझ्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत रेघा ओढल्या, त्या धुवून जाईनात. तशीच बांगड्या भरायला गेले. कासारीण हात धरून म्हणती, "आत्या, शिंप्याकडं माप देऊन आलाव का?" म्या तिला दोन्ही हाडांची नावं सांगितली. तिनं बांगडी चढवता चढवता तिथंच फोडली.

तर मोनिका उशी घेऊन परत गेली आन् फेरपरीक्षेला बसली. सरांनी सांगितलं, ह्या सानियाच्या अंगावर क्लॅव्हिकल दाखव. सानिया तिची मैत्रीण. पोरीनं बोट फिरवलं, मधी थांबली, परत फिरवलं, आन् म्हणाली, सर, गाठ सापडत न्हाय. कसली गाठ? सर, मधी असती ती. सरांनी विचारलं, कुणाची बघितली? म्हणाली, आजीची.

आता तुम्हाला सांगायला हरकत न्हाय. लहानपणी मी बैलगाडीवरून पडून हासळी मोडली होती, ती गाठ येऊन जुळली. मला वाटायचं सगळ्यांना असतीच. सर लई हसले. पण पोरगी पास झाली! म्हणाले, हिनं घोकलं न्हाय, हातानं शोधलंय. फक्त एकाच अंगावर अभ्यास करू नको, वार्षिक परीक्षेला अडचण होईल.

तर हे असं झालं. सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. पत्र सहज लिहिलं, काम काही न्हाय.

तुमची विहीण,
सिताबाई

ता. क. काम एक आहे. वार्षिक परीक्षेला गुडघा आहे. माझे गुडघे सुजलेले, त्यात वाटी कुठं आन् मांस कुठं ते पोरीला कळंना. मालकांना हात लावला की गुदगुल्या होतात. तुमची हाडं, नजर न लागो, लांबून मोजता येतात. पोरगी सुट्टीला येईल तवा आठ दिवस येऊन राहा. विहिणीला पाटावर बसवून ओटी भरायची सोडून पलंगावर आडवं पाडायचं हे बरं दिसत न्हाय, असं तुमच्या लेकीचं म्हणणं, म्हणूनच ती फोनवर बोलू देत न्हाय. आधी ओटी भरू, मंग आडवं पाडू.

आणखी एक. निघायच्या आधी कधी काय मोडलं-बिडलं असंल ते खरं कळवा. लग्नाच्या बोलणीत आपण दोघींनी जे सांगितलं ते सांगितलं, पण इथं पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे.