सांध्याशेजारची रेघ

प्रिय साईराज,

तुझा फोटो मिळाला. बोटीच्या पत्र्यावरच्या त्या रेघेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारू का, असं विचारलंस. मारू नकोस. फोनवर मी नुसतं "बोटीवर चढू नको" म्हटलं तर तू हसलास.

इकडे वडगावात सगळी बरी आहेत. आई तुझ्या नोकरीचं कौतुक माग चालू असताना ओरडून सांगते, साऱ्या गल्लीला ऐकू जातं. मीही कमी मिरवले नाही. मच्छे गावच्या कारखान्यात ज्या बोटीचे ॲल्युमिनियमचे पत्रे मी वेल्डिंग करून जोडले, तिच्यावरच माझा भाऊ कामाला. "आक्का, लई हलकी हाय गं, पाण्यावर नुसती पळतीया," असं तू म्हणालास, तेव्हा मला तिच्यातला माझा एक सांधा आठवला होता. तुला कळू दिलं नाही.

आप्पा तुटलेला धागा कसा जोडायचे, आठवतं? "गाठ दिसली की इनकराची आब गेली," म्हणायचे. तोच हट्ट माझ्या हातात उतरला. फोटोतला सांधा मी जोडला तेव्हा तपासणीत आत बुडबुडे निघाले. घासून काढला, पुन्हा जोडला, पुन्हा तेच. दोनदा चुकलं की साहेबांना सांगून पत्राच बदलायचा, असा नियम. मला लाज वाटली, मी सांगितलं नाही. चौथ्यांदा जमलं. वरून घासून इतकं सपाट केलं की साहेबांनी हात फिरवून शाबासकी दिली.

सांधा पक्काच आहे रे. कमजोर झालाय तो शेजारचा पत्रा. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी, ॲल्युमिनियम रंग न बदलता गुपचूप मऊ पडतं. चार वेळा आच खाल्लेला तो पट्टा, आणि तुझी रेघ नेमकी तिथंच, सांध्यापासून नखभर अंतरावर. ती नुसती रेघ नाही, तडा आहे; लाटांच्या धक्क्यांनी रोज वाढणार.

काल साहेबांना सगळं सांगितलं. "एवढ्यानं काय हुतंय, गप ऱ्हा," म्हणाले. म्हणून हे कागदावर लिहून कुरिअरने पाठवतेय. फोनवरचं उद्या कुणीही नाकारेल, कदाचित मीसुद्धा. हे पत्र कप्तानांना दे, बंदराच्या अधिकाऱ्यांना दाखव. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. रविवारी जत्रेची दीडशे माणसं घेऊन निघणार आहात ना? त्यातल्या एकालाही चढू देऊ नकोस. खाली नाव पूर्ण लिहिलंय.

तुझीच आक्का,
मंजुश्री परशराम हावळ
वेल्डर, मच्छे