सत्तावीस तारखेची सूचना

मंगळ, ४ फेब्रु.

तीन वाजता हेमाचा फोन. खारदांड्याचं बायकांचं अभ्यासकेंद्र तीच सांभाळते, नऊ वर्षं झाली. "वैशू, परीक्षेच्या फॉर्मचं पान उघडत नाही गं. बंद झालंय म्हणतं." म्हटलं, सर्व्हर डाउन असेल, थांब. इकडे उघडून बघितलं. 'मुदत संपली आहे.' काल संपली.

दहा तारीख होती ना?

नव्हती. परीक्षा विभागाचा मेल सापडला, २२ जाने.चा. मुदत आठवडाभर अलीकडे आणली आहे, सर्व केंद्रांना कळवावे. मी उघडलेला. वाचलेलासुद्धा. सोमवारच्या सूचनेत घालू म्हणून बाजूला ठेवलेला. दर सोमवारी सगळ्या केंद्रांना विभागाची सूचना मीच पाठवते, बारा वर्षं. २७ ची गेली, त्यात ती ओळ नाही. कालच्या सूचनेतही नाही.

२७ च्या सूचनेत काय होतं मग? ओळखपत्रांच्या नव्या निळ्या दोऱ्या. शनिवारची हजेरी अ‍ॅपवर. चहाची बदललेली वेळ. मथळ्याला कुठला रंग द्यावा यात अर्धा तास घालवला होता, चांगलं आठवतंय.

हेमाला परत फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला होता. ती म्हणाली, "तारीख बदलली? आम्हाला कोणी कळवलंच नाही." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सत्तावीसच्या सूचनेत होतं ना, हेमा."

तिने विचारलं, "होतं?"

"हो."

बाकीच्या केंद्रांचे फॉर्म जानेवारीतच भरून झालेत. खारदांड्याच्या बायका कागदपत्रांसाठी थांबल्या होत्या. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्याची प्रतिज्ञापत्रं. नऊ जणी. कुणाची शाळा सातवीत सुटली, कुणाची नववीत. ही एक परीक्षा पास झाली की पदवीला नाव घालता येतं. पुढची परीक्षा वर्षाने.

बुध, ५ फेब्रु.

साडेनऊला पोचले. अंधेरीचं आमचं ऑफिस तेव्हा रिकामं असतं. २७ ची फाइल उघडली. सात मुद्दे होते, खाली आठवा घातला. 'परीक्षा अर्जांची मुदत ३ फेब्रुवारीपर्यंत. सर्वांनी नोंद घ्यावी.' अक्षरांचा आकार जुळवला. दोन मिनिटांचं काम.

सगळ्यांच्या मेलमध्ये खरी सूचना पडलेली आहे. पण ती बघायला कोण जाणार.

अकराला पाटणकर सरांनी, आमच्या विभागप्रमुखांनी, बोलावलं. "राणे, २७ ची सूचना काढा बरं." प्रिंट दिली. बोट ठेवून वाचली त्यांनी. "आहे की. तुमच्याकडून राहणार नाही, मला खात्रीच होती." मग, "खारदांड्याकडून लेखी खुलासा मागवा."

पत्र मीच टाइप केलं. 'आपणास कळविण्यात येते की.' आपणास. हेमाला.

शुक्र, ७ फेब्रु.

खुलासा द्यायला हेमा स्वतः आली. उभ्या उभ्याच दिला. तिचं अक्षर मोठं, गोल. 'सूचना बघण्यात माझी चूक झाली. बायकांची काही चूक नाही. त्यांना परीक्षेला बसू द्यावे ही विनंती.' बास, एवढंच.

मग पिशवीतून एक कागद काढला. २७ ची सूचना. वर्गाच्या भिंतीवर लावते ती प्रत्येक सोमवारी, कोपऱ्यात टाचणीचं भोक. "बघ ना, माझ्याकडच्यात सातच आहेत. तू मागाहून सुधारून पाठवली असशील. माझ्याकडे जुनीच राहिली वाटतं."

मी तिच्याकडे बघितलं. टोमणा नव्हता. खरंच तसं मानून चालली होती ती. हातातल्या कागदावर विश्वास नाही, माझ्यावर आहे.

म्हटलं, "असेल." आणि वर, "दे, फाइलला लावते."

दिला तिने. फाइलला लावला नाही. पर्समध्ये आहे.

रवि, ९ फेब्रु.

आईने सुरमई केली होती. "काय झालां गो तुका? सुरमय तशीच रवली." म्हटलं, डोकं दुखतंय. तिने बाम आणून दिला. लावलासुद्धा.

सोम, १० फेब्रु.

आजच्या सूचनेत सरांनी एक मुद्दा सांगून घातला. 'एका केंद्राच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनींचे नुकसान झाले आहे. सर्वांनी सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.' मी 'हलगर्जीपणामुळे' खोडून 'दुर्लक्षामुळे' केलं. सर म्हणाले चालेल. जागेवर येऊन बसले तेव्हा जाणवलं, आपण हेमासाठी काहीतरी केलं असं मला वाटत होतं! काय बाई आहे मी.

पाठवली आणि दहा मिनिटांत गोवंडी केंद्राच्या तरन्नुमचा फोन. "एक केंद्र बोले तो खारदांडा ना, मॅडम? हेमाताई से ऐसा कैसे हो गया?"

म्हटलं, होतं कधी कधी.

गुरु, १३ फेब्रु.

हेमाचा फोन, शुक्रवारनंतर पहिलाच. वर्गाला सहाच जणी येतायत. तिघी बंद झाल्या, त्यात भारती. खारच्या बाजारात मासे विकते ही भारती. मागच्या वर्षी एकदा वर्गाला गेले होते तेव्हा पहिल्या रांगेत बसून माझ्याकडेच उत्तर मागत होती, "मॅडम, पदवीला इतिहास घेतला तर चालतो काय?" सगळ्या गल्लीला सांगून झालंय तिचं, यंदा परीक्षेला बसतेय म्हणून.

"तोंडावर बोलली मला," हेमा म्हणाली. "'बाई, आम्हाला वाचायला शिकवता आणि तुम्ही काय वाचता?' काय बोलणार गं मी? खरंच आहे तिचं."

मी काय बोलले आठवत नाही. काही तरी 'वेळ जाऊ दे' छापाचं.

संध्याकाळी सरांची टिपणी टाइप करायला आली. खारदांडा केंद्र मार्चअखेर बंद, बायका अंधेरीला जोडाव्या. हेमाची नेमणूक पुढे वाढवू नये. कारणाच्या रकान्यात माझ्या आठव्या मुद्द्याचा उल्लेख. जावक क्रमांकासकट.

टिपणी पूर्ण केली नाही. मशीन बंद पडलं म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं.

शनि, १५ फेब्रु.

आईला सांगितलं. सगळं, फाइलसकट. मेथी निवडत होती ती. मला वाटलं, धीर देईल. ज्यांची चूक होत नाही अशी माणसं नसतात वगैरे.

"चूक झाली ती झाली," म्हणाली. "पण त्या बायचो कागद पण घेतलंस?"

भाजी घेऊन आत गेली.

सोम, १७ फेब्रु.

सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेले. हेमाचा कागद टेबलावर ठेवला. "सर, आठवा मुद्दा मी नंतर घातला. पाच तारखेला. मूळ सूचनेत नव्हता. विसर मला पडला."

सर उठले, दार लोटलं. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग हळू आवाजात, "तुम्ही मला सांगितलंत, चांगलं केलंत. आता हे इथेच राहू द्या. बाहेर गेलं तर परीक्षा विभाग आपल्या सगळ्या फाइली मागेल. बारा वर्षांच्या."

"आणि हेमाताईंचं काय, सर?"

"बघू त्यांचं काहीतरी."

कागद परत पर्समध्ये टाकून बाहेर आले. आणि बरं वाटलं. लिहायचं तर हेही लिहायला हवं. सांगून टाकलं, सरांनी सांभाळून घेतलं, सुटले. पाण्याच्या कूलरपाशी उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायले. नंतर जागेवर येऊन बघते तर टेबलावर तीच टिपणी. 'आज पूर्ण करून द्यावी.' त्यांचंच अक्षर. कागद ठेवण्याआधीची की नंतरची, विचारलं नाही.

चारला सूचना तयार केली. पहिला मुद्दा:

'दुरुस्ती. परीक्षा अर्जांच्या बदललेल्या मुदतीची माहिती २७ जानेवारीच्या सूचनेत दिलेली नव्हती. ती माझ्याकडून राहिली. कार्यालयातील प्रतीत ती मी ५ फेब्रुवारीला घातली. खारदांडा केंद्राची व तेथील कार्यकर्तीची यात कोणतीही चूक नाही. — वैशाली राणे'

सगळ्या केंद्रांना. प्रत परीक्षा विभागाला. वेगळं पत्रही जोडलं, नऊ अर्ज उशिरा स्वीकारावेत म्हणून, नावांसकट. नावं लिहिताना भारतीचं आडनाव मला माहीत नव्हतं. यादी काढून बघावी लागली.

'पाठवा'च्या बटणावर बोट. मग पाठवली.

मंगळ, १८ फेब्रु.

सरांचं शिपायाच्या हाती पत्र. आता खुलासा मी द्यायचा, सात दिवसांत. सूचनांचं काम काढून घेतलंय. डबा खायला सगळ्यांबरोबर बसले तर बोलणं थांबलं, मग कुणीतरी वांग्याच्या भाजीबद्दल विचारलं.

पाचला हेमाचा फोन. "वाचलं," म्हणाली.

"हेमा, मी..."

"माझा कागद कुठे आहे?"

"माझ्याकडेच आहे."

"तो परत द्या. आणि येऊन बायकांना सांगा. मी सांगणार नाही."

द्या. सांगा. नऊ वर्षं 'तू' म्हणत होती मला.

गुरु, २० फेब्रु.

परीक्षा विभागाचं उत्तर. 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' फोन केला तर तिथली बाई म्हणाली, समितीपुढे ठेवू. समिती कधी बसणार? "सांगता येत नाही मॅडम." खारदांड्याची टिपणी मात्र सरांनी थांबवलीय, असं तरन्नुम म्हणाली. थांबवली की फक्त पुढे ढकलली, तिलाही माहीत नाही.

शनि, २२ फेब्रु.

खारदांड्याला गेले. वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. कागद हेमाला दिला. तिने न बघता घडी घालून पर्समध्ये टाकला. सहा जणी बसलेल्या. रस्त्यात वाक्यं ठरवत आले होते, त्यातलं एकही आलं नाही. "मी विसरले आणि दोष तुमच्या बाईंवर ढकलला," एवढंच म्हणाले. नंतर माफी.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. रेखा म्हणून एक आहे, तिने विचारलं, "मग आता फॉर्म घेणार की नाही?"

"माहीत नाही. मागे लागलेय मी."

"ज्या तिघी येत नाहीत त्यांना कोण सांगणार? आम्ही बाईंना काय काय बोललो."

हेमा खिडकीपाशी उभी होती. "ह्या सांगतील," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

वर्ग संपल्यावर ती पुढे, मी मागे. गल्लीत सुकत घातलेले बोंबील, खारट उग्र वास. पहिल्या घरी बाई भेटली, ऐकून घेतलं, म्हणाली विचार करते. दुसऱ्या घरी नवरा बाहेर आला, "झालं ना आता, जाऊ दे," म्हणून दार लावून घेतलं. तिसरं भारतीचं. हेमा कोपऱ्यावरच थांबली. "तुम्ही जा."

भारती उंबऱ्याशी बसून कोळंबी सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी एकच विचारलं, "बाईंना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांना वाटलं त्यांचीच चूक. त्यांनी तसं लिहूनही दिलं."

मग हात थांबले. उठली, पदराला हात पुसले, माझ्या बाजूने निघून कोपऱ्यावर हेमासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. भारतीची पाठ माझ्याकडे. हेमाचा चेहरा अर्धाच दिसत होता.

परत फिरावं की थांबावं, कळेना. एवढ्यात मांजर आलं, सरळ कोळंबीच्या पातेल्याकडे. हाकललं. ते दोन पावलं मागे जाऊन बसलं, वाट बघत. मग मी पर्स बाजूला ठेवली आणि भारतीच्या उंबऱ्यावर बसले, पातेलं जवळ ओढून.

त्या दोघी अजून बोलतच होत्या.