शंभर वॅटचं कोटेशन

३ मार्च १९७४, रविवार
जयंती मंडळाचे अध्यक्ष कोंडीरामदादा येऊन गेले. लाउडस्पीकरचं काम माझ्याकडे. गेल्या जयंतीला भाड्याचा सेट एवढा खरखरला की आमची बायको नीला गाणं अर्धवट सोडून स्टेजवरून उतरली. वर्षभर पुन्हा गायली नाही. यंदा गाणार म्हणते. मी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवणार, शंभर वॅट. नीला म्हणाली, मांडव गल्लीएवढाच, वीस वॅट पुरेत. बायकांना वॅट कळत नाहीत.

१० मार्च
कोटेशन तयार. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, चॅसिस. मजुरी आमच्या कंपनीच्या रेटने. रविवारी काम, म्हणजे डबल ओव्हरटाइम. नाइट शिफ्टचा भत्ता आणि चहा वेगळा. दादांनी वाचलं, घडी घातली, जयभीम करून गेले. छाप पडलेली दिसते.

१७ मार्च
मंडळाची मीटिंग. सगळे कंपनीतलेच, त्यामुळे घासाघीस भलतीच तयारीची. खंडू म्हणाला, आमी वर्गणी गोळा करत दारोदार फिरतो, आमचा बी ओव्हरटाइम लाव. हशा पिकला. मी हसलो नाही.
घरी नीला म्हणाली, सामानाच्या पैशात करून द्या ना, माझंच गाणं आहे. तिला तत्त्व समजावलं. पहिलीच ऑर्डर स्वस्तात दिली तर उद्या पिंपरीत दुकान कसं टाकणार? ती भांडी घासायला गेली.

२५ मार्च
मंडळाचं उत्तर नाही. मागणी मान्य होईपर्यंत नियमानुसार काम, असं दादांना कळवलं. म्हणजे रोज एक तास, त्यातही चहाची सुट्टी. युनियनमध्ये उगाच नाही इतकी वर्षं काढली.

२ एप्रिल
नीला सांगवीला, तिच्या आईकडे. तिथे सराव चांगला होतो म्हणाली. घर शांत. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला उत्तम. गुंडाळला नाही. कॅन्टीनमध्ये जेवलो. चव लागली नाही.

१० एप्रिल
मोठ्या मनाने चहा माफ केला आणि नवं कोटेशन घेऊन गेलो. दादा म्हणाले, साहेबराव, कॅम्पातल्या दुकानातनं भाड्याचा सेट ठरला. नीलानंच जाऊन ऐकून पसंत केला. मी बरं म्हणालो. तात्पुरती सोय असणार.

१४ एप्रिल, रविवार
नीला गायली, अखेरपर्यंत. टाळ्या खूप. नंतर मांडवामागे भेटली. तिला म्हणालो, बास कमी होता. तिने विचारलं, तुम्ही होतात कुठे? मी तुम्हाला पुढच्या रांगेत शोधत होते. मी भाड्याच्या सेटमागे बसलो होतो, व्हॉल्व्ह कोणते आहेत ते बघत. व्हॉल्व्ह नव्हतेच. सगळा ट्रान्झिस्टरचा माल.
सासूबाई तिला हाताला धरून सांगवीला घेऊन गेल्या. घरी कधी येणार, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.
गल्लीत सगळे गाण्याबद्दल बोलत होते. मीही मान हलवत उभा राहिलो. कोणतं गाणं होतं, ते आता कोणाला विचारणार?